तिसरी पाटी

धक्का जळाला की पेलिंग मंडळी चहाघरात जमत, आणि आगीचं कारण ठरल्याशिवाय कुणी कपाला हात लावत नसे. ही रीत थोरल्या आजोबांपासूनची. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रॅमसी गावचा करमणुकीचा धक्का त्यांनीच पाव मैल समुद्रात नेला होता. खाली लोखंडी खांब, वर लाकडी फळ्या, समुद्राच्या टोकाला घुमटाचं नाचघर आणि किनाऱ्याच्या टोकाला चहाघर व तिकिटाचं फिरतं फाटक.

चहाघराच्या भिंतीवर दोन जळक्या फळ्या टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एक पितळी पाटी होती. पहिली: '१८९७. कारण: आकाशातली वीज.' त्या संध्याकाळी राणीच्या ज्युबिलीनिमित्त आजोबांनी नाचघराच्या गच्चीवरून आतषबाजीचे चारशे बाण उडवले होते, पण तेवढा मजकूर बहुधा पाटीवर मावला नसावा. दुसरी: '१९३१. कारण: पियानोवादक लायनेल अ‍ॅस्क्यू यांची सिगारेट.'

अग्निशमन दलाचा अहवाल फायलीत जातो, पाटी भिंतीवर राहते. गावातली मुलं केक खाता खाता ती वाचतात, मोठी होतात आणि आपल्या मुलांना वाचून दाखवतात. इतिहास याहून वेगळ्या पद्धतीने तयार होतो की काय, मला खात्रीने सांगता येणार नाही. इतकी पुस्तकं वाचून तरी तसं वाटलेलं नाही.

तिसरी फळी त्या शनिवारी, म्हणजे १९७४ च्या मार्चमध्ये, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. अजून ओली होती. तिच्याखाली काळं पाणी साचत होतं आणि एडना पेलिंग दर दहा मिनिटांनी ते पुसत होती.

"आता सगळे आलेच आहेत तर," हॅरल्ड पेलिंग उठून उभा राहत म्हणाला. तो कंपनीचा अध्यक्ष होता आणि सहा माणसांच्या बैठकीतही उभं राहिल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. "दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. पाटीवर काय लिहायचं आणि धक्का पुन्हा बांधायचा की नाही."

"उलटं घ्या ना बाबा," त्याचा मुलगा रॉडनी म्हणाला. "धक्काच नसला तर पाटी लावणार कुठे? माझ्याकडे माणूस तयार आहे. समोरची जागा घेतो, सहा मजले फ्लॅट बांधतो. प्रत्येकाला बाल्कनी."

"बाल्कनीत बसून काय बघतील?" विनी आत्याने विचारलं. ती हॅरल्डची थोरली बहीण, सदुसष्ट वर्षांची. फाटकाच्या वरच्या दोन खोल्यांत ती जन्मभर राहिली होती.

"समुद्र बघतील, आत्या."

"चार दिवस बघतील. मग म्हणतील, इथे काहीतरी असायला हवं होतं."

हॅरल्डने चमचा कपावर वाजवला. कप रिकामा असल्याने आवाज चांगला आला. "आधी पाटी. मी मजकूर तयार केला आहे." त्याने खिशातून कागद काढून चष्मा लावला. "'१९७४. कारण: कामगार केनेथ बार्लो यांचा निष्काळजीपणा.'"

केनेथ बार्लो दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. तो हॅरल्डचा जावई होता, मुलगी गिलियनचा नवरा. बारा वर्षांच्या संसारानंतरही तो सासऱ्याला 'मिस्टर पेलिंग' म्हणे, आणि सासऱ्याने ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. त्याच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. मंगळवारी, आगीच्या दिवशी, दलाच्या माणसांबरोबर कुऱ्हाड चालवून त्याने मधल्या फळ्या तोडल्या होत्या, बारा फुटांची फट पाडली होती आणि आग तिथेच थांबवली होती. ज्या चहाघरात बसून ही मंडळी त्याचा निष्काळजीपणा पितळेवर कोरायला निघाली होती, ते त्या फटीमुळेच उभं होतं.

"कामगार?" गिलियन म्हणाली.

"मग काय लिहू? जावई? कुटुंबाची बेअब्रू होईल."

 केन उठला, दार उघडून बाहेर फळ्यांवर गेला. गिलियन त्याच्यामागे गेली. एडनाने पुन्हा पाणी पुसलं.

बाहेर वारा होता आणि भरती होती. मंगळवारी मात्र भरती नव्हती. समुद्राने त्या दिवशी पार नाचघराच्याही पलीकडे काढता पाय घेतला होता आणि दलाच्या माणसांनी खाली सोडलेली होजपाइप वाळूवर पडून राहिली होती. धक्क्यावर आगीसाठी नळ होता, पण तो कोरडा. थंडीत पाइप फुटू नये म्हणून ऑक्टोबरात तो रिकामा करत, आणि पाणी पुन्हा सुरू होई ते गुड फ्रायडेला, बँडच्या तालावर, अध्यक्षांच्या हस्ते, चांदीचा मुलामा दिलेल्या चावीने. ही चावी हॅरल्डच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत असे. मंगळवारी हॅरल्डने ती धावत आणली, पण पेटीसकट. पेटीची किल्ली एडनाच्या पर्समध्ये होती आणि एडना केस सेट करायला गेली होती. काच फोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आजोबांच्या वेळची काच होती.

"तू बोलत का नाहीस?" गिलियनने विचारलं. "नाचघराचा रंग ब्लोलॅम्पने जाळत होतास हे खरं. पण तू तासाची राखण न करता निघून जाशील? तू? आपल्या लग्नातसुद्धा तू दोनदा उठून मेणबत्त्या बघून आलास."

धक्क्यावरचा नियम जुना होता. जुना रंग ब्लोलॅम्पच्या ज्वाळेने जाळून काढायचा, मग दिवा विझवून पाण्याची बादली घेऊन तासभर तिथेच बसायचं. लाकडाच्या पोटात ठिणगी किती वेळ दबा धरून बसेल सांगता येत नाही.

केन कठड्याला टेकला. "राखणीला मिस्टर पेलिंग बसणार होते."

"बाबा?"

"तीन वाजता आले. म्हणाले, घरी जाऊन टीव्हीचा अँटेना बघ, शर्यती लागल्यात आणि घोडे दोन-दोन दिसतायत. मी म्हटलं, तास व्हायचाय. म्हणाले, मी बसतो, बादली दे इकडे. मी बादली दिली. दहा मिनिटांनी मी छपरावर चढलो, तर खालून खिडकीतून आवाज. 'जरा डावीकडे घे, केन.'"

गिलियनला हसू येणार होतं, ते तिने आवरलं. "म्हणजे ते तुझ्या पाठोपाठच निघाले."

"चित्र नीट येतंय का बघायला. मग धूर मला छपरावरूनच दिसला."

"चल आत. हे सांग."

"नको जिल." केनने टोकाकडे पाहिलं. नाचघर होतं तिथे वाकडे खांब पाण्यातून वर आले होते. "काल त्यांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, नवा धक्का तू बांध. सगळं तुझ्या हाताखाली. टोपी मिळेल, 'धक्काप्रमुख' लिहिलेली. फक्त पाटीचं तेवढं मनावर घेऊ नकोस."

"आणि तू हो म्हणालास."

"एक खांबसुद्धा मी दुसऱ्याला बांधू देणार नाही. मला धक्का हवाय. नावाचं काय."

"नाव माझंही आहे," गिलियन म्हणाली. "आणि उद्या आपली पोरं त्या भिंतीखाली बसून केक खातील."

तेवढ्यात रॉडनी सिगारेट ओढायला म्हणून बाहेर आला. बहिणीचा चेहरा बघून त्याला काय चाललंय ते कळलं नाही, पण आपल्याला काय मिळू शकतं ते मात्र कळलं. हे त्याच्या धंद्यातलं कौशल्य.

"जिल, सरळ हिशेब आहे," तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. "पाच मतं, केनला मत नाही. बाबा आणि आई बांधा म्हणणार. मी विका म्हणणार. तू माझ्या बाजूला ये. चहाघर पाडलं की भिंत नाही, भिंत नाही तर पाटी नाही. केनचं नाव साफ."

"आणि आत्या?"

"आत्या आजवर बाबांच्या विरुद्ध कधी गेली आहे का?"

गिलियनने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. त्याला जे हवं होतं तेच मोडून त्याला वाचवायचं होतं. "ठीक आहे," ती म्हणाली.

आत, चहाघराच्या मागच्या कोठीत, विनी आत्या सँडविचं कापत होती. हॅरल्ड आत आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"तू मघाशी काही बोलली नाहीस, विनी."

"काय बोलू? मजकूर छान आहे. अक्षर तेवढं वाईट आहे."

"मंगळवारी तू खिडकीत होतीस ना?"

"मी रोज खिडकीत असते. कुणीही आत गेलं किंवा बाहेर आलं की फाटक खट करतं. हिवाळ्यात दिवसाकाठी चार-पाचदा. तेवढीच सोबत." तिने ब्रेडच्या कडा काढल्या. "तीन वाजून दहा मिनिटांनी एक खट. केनेथ. सव्वातीनला दुसरी. तू. बादली आत राहिली होती."

हॅरल्डने एक सँडविच उचललं आणि पुन्हा ठेवलं. "एकतीस सालीही तू फाटकावर होतीस."

विनीचा सुरीचा हात थांबला.

"बाबांनी तुला विचारलं, शेवटी बाहेर कोण आलं. तू सांगितलंस, लायनेल. मी नव्हतं सांगायला लावलं. तू मंगळवारचं बोललीस तर मला तेही बोलावं लागेल. तुझ्याबद्दल लोक काय म्हणतील याचा विचार कर."

तो गेल्यावर विनीने उरलेल्या ब्रेडच्या कडा काढल्या. लायनेल अ‍ॅस्क्यूला दमा होता. कुणी सिगारेट पेटवली की तो पियानो थांबवून खिडकी उघडायला उठे, आणि नाचणारी जोडपी पाय अधांतरी ठेवून त्याची वाट बघत. त्याने तिला दिलेली अंगठी सोळा महिने तिच्या बोटात होती. त्या संध्याकाळी तो सहाला बाहेर पडला होता. जाताना फाटक मुद्दाम दोनदा फिरवून गेला होता, तिला हसवायला. हॅरल्ड सातला बाहेर आला, मित्रांबरोबर, अंगाला तळणीचा वास. एकोणीस वर्षांचा होता. वडील म्हणाले होते, हॅरल्डचं नाव आलं तर धक्का पुन्हा उभा राहणार नाही. पियानोवाले काय, कुठेही मिळतात. आणि ती 'लायनेल' म्हणाली. एकच शब्द. तिला वाटलं होतं, तो चिडेल, भांडेल, आपण मग खरं सांगू. तो चिडला नाही. त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं आणि तो हल शहरात निघून गेला, आणि पंधरा वर्षांपूर्वी तिथेच वारला, असं तिने वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हापासून दर वसंतात ती त्या पाटीला पॉलिश करत आली होती. इतकी लखलखीत पाटी अख्ख्या किनाऱ्यावर नसेल.

तिने सँडविचांचं ताट उचललं आणि ती बाहेर गेली.

मंडळी पुन्हा आपापल्या जागी बसली होती. हॅरल्ड उभा होता.

"तर मजकुराला कुणाची हरकत नसेल, असं मी धरतो—"

"मंगळवारी फाटक पाच मिनिटांत दोनदा वाजलं," विनी म्हणाली. तिने ताट टेबलावर ठेवलं. "एकदा केनेथ बाहेर आला. मग हॅरल्ड. राखणीला कुणीच नव्हतं. हे हवं तर लिहा, नको तर लिहू नका. पण मला माहीत नव्हतं असं मी यावेळी म्हणणार नाही."

रॉडनी पहिल्यांदाच पुढे सरकून बसला. "बाबा?"

"मी पाय मोकळे करायला गेलो होतो."

"घरापर्यंत?" गिलियन म्हणाली. "आणि तिथून 'जरा डावीकडे'?"

केनने मान खाली घातली. हॅरल्डचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याला आपल्याकडे अजून एक बाण शिल्लक असल्याचं आठवलं. आजोबांचाच वारसा तो.

"विचारा हिला," तो म्हणाला. "आज हिला सत्याचा एवढा पुळका. एकतीस साली लायनेल शेवटी बाहेर आला असं वडिलांना कुणी सांगितलं? हिने. खोटं. साफ खोटं. स्वतःच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल."

 पाण्याचा एक थेंब फळीवरून खाली पडला.

"हो," विनी म्हणाली. "खोटं बोलले."

"बघा," हॅरल्ड म्हणाला.

"पण बाबा," गिलियन सावकाश म्हणाली, "लायनेल नाही, तर शेवटी कोण आलं होतं?"

हॅरल्डने तोंड उघडलं. आपण बाण कोणत्या दिशेला धरला होता हे त्याला त्या क्षणी कळलं असावं.

"सॉसेज," एडना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती फडकं पिळत होती.

"ह्यांनी मला मधुचंद्राला सांगितलं होतं. नाचघराच्या मागच्या खोलीत स्टोव्हवर सॉसेज तळत होते, चौघं मित्र. पडदा पेटला. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. घरात सॉसेज केले की हे खात नाहीत, ते का असं वाटलं तुम्हाला?"

"पोटाला सोसत नाहीत म्हणून," रॉडनी म्हणाला. चाळीस वर्षांचा झाला होता तो, पण त्या क्षणी आठ वर्षांचा दिसला.

यापुढे काय व्हायला हवं होतं, हे मला लिहिताना नीट सांगता येत नाही. एखाद्या चांगल्या कादंबरीत कुणीतरी रडलं असतं, कुणीतरी दार आपटून गेलं असतं. पेलिंग मंडळींनी सँडविचं घेतली. हॅम कमी आणि लोणी जास्त आहे, यावर एकमत झालं. मग हॅरल्ड खाली बसला, खरोखर खाली बसला, आणि बसूनच म्हणाला,

"माझं नाव पाटीवर आलं तर गावातलं कोणी एक फळीसुद्धा देणार नाही. धक्का संपला समजा."

"मग विकूच या," रॉडनी म्हणाला. "जिल, तू म्हणाली होतीस."

गिलियनने केनकडे पाहिलं. केन बँडेजच्या हातांकडे बघत होता. "मी केनचं नाव वाचवायला हो म्हणाले होते," ती म्हणाली. "आता आत्या काय म्हणते ते मला ऐकायचंय."

सगळे विनीकडे वळले. सदुसष्ट वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि तिला ते आवडलं असं म्हणायला हरकत नाही.

"माझं मत बांधायला," ती म्हणाली. "केनेथ बांधेल. सगळं त्याच्या हाताखाली. आणि त्याला टोपीबिपी नको. पाण्याची चावी द्या, पेटीशिवाय."

"आणि पाटी?" हॅरल्डने विचारलं.

"'कारण अज्ञात' लिहा. तुझं नको, त्याचं नको."

"अज्ञात." हॅरल्डने शब्द जिभेवर घोळवला. त्याला तो भारदस्त वाटला. "चालेल. उत्तम आहे. प्रतिष्ठित वाटतं."

"अज्ञात कसं?" गिलियन म्हणाली. "आता सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असलं की आपल्या घरात त्याला अज्ञातच म्हणतात," विनी म्हणाली आणि तिने किटली उचलली. चहा काळा पडला होता. सगळ्यांनी तो प्यायला.

केन शेवटी तिच्याजवळ आला. "मिस पेलिंग," तो म्हणाला आणि त्याने बँडेज बांधलेला हात पुढे केला.

"आत्या म्हण," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली. आणि तो स्क्रूड्रायव्हर दे जरा."

ती खुर्चीवर चढून दुसऱ्या फळीवरची पाटी सोडवू लागली, तेव्हा हॅरल्ड कोट घालत होता. "एकतीसच्या पाटीला का हात लावतेस?"

"पॉलिश. दर वसंतात करते. यंदा नव्या पाटीबरोबर फॅरोकडे देते, त्याच्याकडे मशीन आहे."

"छान," हॅरल्ड म्हणाला. त्याचं मन आधीच गुड फ्रायडेच्या भाषणात शिरलं होतं. "दोन्हींचं मी एकदमच अनावरण करीन. पाट्या वाचून दाखवायला महापौरांना बोलावलंय. बँड तर आहेच."

सोमवारी सकाळी दुकान उघडताच विनी फॅरोच्या काउंटरपाशी उभी होती. फॅरो गावातले चषक, थडग्यांवरच्या पाट्या आणि कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले कोरत असे, आणि तिन्हींचा मजकूर तो सारख्याच अदबीने लिहून घेई.

"'१९७४. कारण अज्ञात,'" त्याने वाचलं. "सुटसुटीत आहे, मिस पेलिंग. आणि ही जुनी? नुसती चकाकी द्यायची?"

विनीने पाटी उलटी करून त्याच्यासमोर ठेवली. मागची बाजू कोरी होती आणि त्रेचाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून काळवंडली होती. "या बाजूने कोरायची. मग स्क्रू मारताना हीच बाजू बाहेर." तिने पर्समधून एक कागद काढला. तो घडीवर घडी घातलेला होता.

फॅरोने तो उलगडून वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

'१९३१. कारण: हॅरल्ड पेलिंग तळत असलेले सॉसेज. लायनेल अ‍ॅस्क्यू आधीच गेले होते आणि सिगारेट ओढत नव्हते. फाटकावरची विनिफ्रेड पेलिंग खोटं बोलली.'

फॅरोने बोटाने अक्षरं मोजली. तो सभ्य माणूस होता. त्याने फक्त कामाचंच विचारलं.

"मजकूर बराच आहे. इतका बसवायचा तर अक्षरं फार बारीक होतील. लांबून वाचता येणार नाहीत."

"चालेल," विनी म्हणाली. "महापौरांना जरा वाकून मोठ्याने वाचावं लागेल, एवढंच."